वाचकांचे प्रश्न : ‘चिठ्ठ्या टाकून औषध का ठरवायचं?’

प्रश्न : डॉक्टर, माझ्या वडिलांना (वय ६२) तीन आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसवला, आता घरी आहेत. परवा तपासणीला गेलो तेव्हा संशोधनाचं काम बघणाऱ्या एक बाई भेटल्या. रक्तवाहिन्यांमधला दाह कमी करणाऱ्या औषधाची चाचणी सुरू आहे, बाबांचं नाव त्यात घालता येईल, असं त्या म्हणाल्या. पण खरं औषध मिळेल की तशीच दिसणारी रिकामी गोळी, ते संगणक ठरवणार आणि ते आम्हालाही कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. बाबा म्हणतात, ‘घाल माझं नाव.’ आई मात्र रडते. ‘माणूस मरणाच्या दारातून परत आलाय आणि तुम्ही त्याच्यावर प्रयोग करताय,’ म्हणते. मलाही प्रश्न पडतो, की औषध चांगलं आहे असं डॉक्टरांना वाटत असेल तर सरळ द्यावं, वाटत नसेल तर देऊ नये. चिठ्ठ्या टाकून का ठरवायचं?

उत्तर : तुमची शेवटची दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. १९८०च्या दशकात निवासी डॉक्टर असताना मी अगदी हेच बोलत असे, आणि ठामपणे बोलत असे.

तेव्हा हृदयविकाराच्या अतिदक्षता विभागात माझी रात्रपाळी असायची. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी मॉनिटर आणि त्यावर सरकणारी हिरवी रेघ. अटॅकमधून उठलेलं हृदय अधूनमधून भलत्याच जागेवरून ठोका टाकतं. रेघेत एकदम रुंद, वेडावाकडा उंचवटा दिसतो, मग क्षणभर सगळं थांबतं आणि लय पुन्हा सुरू होते. आम्ही त्याला एक्टोपिक म्हणतो. असे ठोके जास्त पडणारे रुग्ण पुढे अचानक दगावण्याचं प्रमाण जास्त असतं, हे तेव्हाही माहीत होतं. म्हणून ठोके दाबणारी औषधं द्यायची. या तर्कात तुम्हाला कुठे फट दिसते का? मला दिसली नव्हती.

एक गृहस्थ आठवतात. पहिल्या रात्री मिनिटाला सात-आठ एक्टोपिक पडत होते. गोळ्या सुरू केल्या आणि दुसऱ्या दिवशी ईसीजीची पट्टी कोरी करकरीत निघाली, एकही एक्टोपिक नाही. ती मी केसपेपरला चिकटवली आणि त्यांच्या पत्नीला बाहेर बोलावून दाखवली. ‘बघा, ठोके अगदी सरळ झाले,’ म्हणाले. अकराव्या दिवशी पहाटे ते गेले. कारणाच्या रकान्यात मी आजाराचंच नाव लिहिलं. गोळीचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. शिवला असता तरी उपयोग नव्हता, कारण मोठ्या अटॅकनंतर माणसं दगावतातच. हा माणूस आजाराने गेला की औषधाने, हे एका माणसाकडे बघून सांगताच येत नाही.

ते सांगितलं ‘कास्ट’ नावाच्या चाचणीने. त्याच जातीची दोन औषधं, फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड. चाचणीत घेतले तेही असेच रुग्ण, ज्यांचे ठोके औषधाने दबले होते, म्हणजे ज्यांची पट्टी माझ्या रुग्णासारखी कोरी झाली होती. मग चिठ्ठी टाकून निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना रिकामी गोळी. औषध मिळालेल्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, रिकामी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६, आणि तेही सरासरी दहा महिन्यांत. १९८९मध्ये या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. जे औषध आम्ही जीव वाचवायला देत होतो, ते जीव घेत होतं. त्या आकड्यांसमोर बसले होते तेव्हा केसपेपरला चिकटवलेली ती पट्टी डोळ्यांपुढून हलेना.

म्हणून ‘डॉक्टरांना वाटत असेल तर द्यावं’ हे मला आता पुरत नाही. आम्हाला वाटत होतंच की.

आता दुसरी बाजू. बाबांना अटॅकच्या वेळी अ‍ॅस्पिरिन चावायला दिली असेल. ती गोळी कित्येक दशकं जगभर घरोघरी होती, तरी हार्ट अटॅकमध्ये ती जीव वाचवते हे पक्कं ठरलं १९८८मध्ये, ‘आयसिस-२’ चाचणीत. ४१७ रुग्णालयं आणि १७,१८७ रुग्ण. अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज, यांतलं काहीच न मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत शंभरात तेरा दगावले. दोन्ही मिळालेल्यांपैकी शंभरात आठ. हा पाचाचा फरक एका वॉर्डात उभ्या असलेल्या डॉक्टरला कधीच दिसला नसता. तो दिसायला हजारो माणसांनी तुमच्या बाबांसारखं ‘घाल माझं नाव’ म्हणावं लागलं.

याच चाचणीतली आणखी एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला पुढेही उपयोगी पडेल. रुग्णांचे छोटे छोटे गट पाडले की आकडे कसे फसवतात, हे दाखवायला संशोधकांनी जन्मतारखेवरून राशीवार हिशेब मांडला. मिथुन आणि तुळेच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनने उलट थोडा तोटाच होतो, असं त्यात दिसलं! अर्थातच तो निव्वळ योगायोग होता. तेव्हा ‘अमक्या वयाच्या, अमक्या प्रकारच्या रुग्णांत मात्र औषध चाललं’ अशी बातमी वाचलीत, की ही मिथुन-तूळ आठवा.

आता बाबांच्या चाचणीबद्दल. दाहाचा प्रश्न खरोखरच सुटलेला नाही. कॉल्चिसीन हे गाऊट या सांधेदुखीवरचं, दाह कमी करणारं जुनं औषध. २०१९मध्ये अटॅकमधून उठलेल्या ४,७४५ रुग्णांत ते दिलं तेव्हा अटॅक, पक्षाघात वगैरे त्रास ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आले. सगळे हुरळले, मीही. २०२४मध्ये त्याहून मोठी, ७,०६२ रुग्णांची चाचणी पुरी झाली. औषध घेणाऱ्यांत असे त्रास ९.१ टक्के, न घेणाऱ्यांत ९.३. म्हणजे जवळपास काहीच फरक नाही. अशा वेळी ‘मला माहीत नाही, चिठ्ठी टाकू’ म्हणणारा डॉक्टर मला ‘घ्या हो बिनधास्त’ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

आईंना एवढं जरूर सांगा, की रिकामी गोळी म्हणजे उपचारांविना ठेवणं नाही. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी, कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन, हे सगळं दोन्ही गटांना चालूच राहायला हवं. चाचणीतली गोळी त्याच्या वर. पण हे माझ्या शब्दावर सोडू नका, संमतीपत्रात तसं लिहिलंय ना ते बघा. कागद घरी आणा आणि दोन दिवस ठेवा. मग आईंनाच बरोबर घेऊन जा आणि त्या बाईंना विचारा : या औषधाने आजवर काय काय त्रास झालेत? बाबांच्या चालू गोळ्यांशी ते भांडत नाही ना? रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला करायचा? इजा झाली तर उपचारांचा खर्च कोण करणार? मध्येच आकडे तपासणारी स्वतंत्र समिती आहे का? ‘कास्ट’ वेळेत थांबली ती अशा समितीमुळेच. बाबांना कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्याने त्यांच्या उपचारांत फरक पडता कामा नये. यातल्या एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली किंवा ‘आजच सही करा’ म्हणाले, तर उठून या.

उत्तरं सरळ मिळाली तर मी बाबांच्या बाजूची आहे. मात्र ‘याने मला फायदा होईल’ अशा आशेवर त्यांनी सही करू नये. तो होईल की नाही, हेच तर शोधायचं आहे. आणि सही त्यांची आहे. तुमची नाही, आईंचीही नाही.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी मला अटॅक आला. तेव्हापासून बीटा ब्लॉकर घेते. नव्या संशोधनात ते निरुपयोगी ठरलं असं ऐकलं. बंद करू का?

उत्तर : स्वतःहून अजिबात नको. हृदयाचे ठोके मंदावणारी ही गोळी एकदम थांबवली की नाडी उसळते आणि छातीत दुखू शकतं.

तुम्ही ऐकलंत त्यात तथ्य आहे, पण ते अर्धं आहे. २०२४मध्ये ५,०२० रुग्णांची चाचणी झाली. अटॅकनंतरही ज्यांच्या हृदयाचं पंपिंग चांगलं राहिलं होतं, त्यांच्यात नव्याने बीटा ब्लॉकर सुरू करून मृत्यू वा दुसरा अटॅक कमी झाला नाही : औषधासह ७.९ टक्के, औषधाविना ८.३. तुमचा प्रश्न मात्र सुरू करण्याचा नाही, थांबवण्याचा आहे. त्यावरची वेगळी चाचणीही त्याच वर्षी झाली. त्यातल्या ३,६९८ रुग्णांपैकी गोळी थांबवलेल्यांत मृत्यू, अटॅक, पक्षाघात किंवा हृदयाच्या तक्रारीसाठी भरती होणं २३.८ टक्के होतं, चालू ठेवलेल्यांत २१.१. फरक मुख्यतः भरती होण्यातला होता, पण थांबवणं निर्धोक आहे असं काही सिद्ध झालं नाही.

तुमच्या शेवटच्या टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट काढा. त्यात ईएफ असा आकडा असेल, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते. तो ४०च्या खाली असेल तर ही गोळी तुमच्यासाठी मोलाची आहे, विषय संपला. ५० किंवा वर असेल, ब्लडप्रेशर आटोक्यात असेल, छातीत दुखत नसेल आणि ठोक्यांची तक्रार नसेल, तर रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. थांबवायचं ठरलंच तर डोस हळूहळू कसा उतरवायचा, ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.