जपानमध्ये टीचर आहे, वीकेंडला फिरू कशी?

प्रश्न: ताई, मी जेट प्रोग्रॅममधून (परदेशी तरुणांना जपानच्या शाळांत शिकवायला बोलावणारी सरकारी योजना) जपानच्या एका छोट्या गावात असिस्टंट टीचर म्हणून आलेय, फिरायचंय खूप पण शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, परवडत नाही. जपान रेल पास काढू का?

उत्तर: अगं, तो तुला मिळणारच नाही, तो थोड्या दिवसांसाठी आलेल्या टुरिस्टांसाठी असतो आणि तू आता तिथली रहिवासी झालीस. त्यापेक्षा सेइशुन १८ तिकीट बघ, नावात १८ असलं तरी वयाची अट नाही, शाळेच्या सुट्ट्यांच्या सुमारास निघतं आणि जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, लोकल गाड्यांत हवं तेवढं फिरता येतं. फक्त २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग ३ किंवा ५ दिवसांचं झालंय, म्हणून नुसत्या शनिवार-रविवारसाठी नको घेऊस. एरवी रात्रीची बस बरी. एप्रिलअखेरच्या गोल्डन वीकमध्ये, म्हणजे लागोपाठच्या सुट्ट्यांच्या आठवड्यात, मात्र आधीच बुकिंग कर, सगळा देशच बाहेर पडतो गं!

आणि खेड्यातल्या एका डब्याच्या गाडीत बसच एकदा, बटण दाबून दार उघडायचं, चढताना मशीनमधून नंबराची चिठ्ठी घ्यायची, उतरताना ड्रायव्हरशेजारच्या पेटीत चिठ्ठी आणि पैसे टाकायचे, मला फार आवडतो तो प्रवास. रेसिडेन्स कार्ड कायम जवळ ठेव, तो नियमच आहे.