भोकं पडतात ती हात नसल्यामुळे नव्हे

प्रश्न : इचलकरंजीत माझं ग्रिल-रेलिंगचं वर्कशॉप आहे. मुलगा यंदा आयटीआयमधून वेल्डर झाला. त्याच्यासाठी कर्ज काढून मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवत वेल्डिंग करणारं) आणि त्याची स्पूल गन घेतली. लोखंडावर त्याचं काम स्वच्छ आहे, पण दीड मिमी जाडीच्या ॲल्युमिनियम पाईपला भोकं पाडतो. महिन्यात १४ पाईप भंगारात गेले. मी रोज शेजारी उभा राहून सांगतो, तरी फरक नाही. त्याचा हातच नाही असं वाटतं. पदविकेला घालू का?

उत्तर : पाईप किती गेले ते तुम्ही मोजलंत, पण मुलगा काय म्हणतो ते पत्रात कुठेच नाही. आणि ‘रोज शेजारी उभा राहून सांगतो’ हे वाचून मला काळजी वाटली. लोखंड वितळण्याआधी लाल होतं, वेल्डरला इशारा मिळतो. ॲल्युमिनियमचा रंग बदलत नाही. ते ६६० अंशांना एकदम बसतं. पाईप तापत जातो तसा हाताचा वेग वाढवावा लागतो. तिथे तुमच्या आवाजाने हात क्षणभर अडखळला की भोक पडलंच. तुमचं उभं राहणं त्याला महागात पडतंय. कर्जाचा हप्ता तुमच्या डोक्यावर आहे हे समजतं, पण तो पोराच्या हातावर ठेवू नका.

आता गैरसमजाचं. स्पूल गन घेतली की पातळ पाईप जमलाच पाहिजे, असं तुम्ही धरून चालला आहात. स्पूल गन एकच अडचण सोडवते : मऊ तार लांब केबलमधून ढकलताना रोलरपाशी गुंता होतो, तो होत नाही, कारण अर्ध्या किलोचं रीळ गनवरच असतं. उष्णतेचा प्रश्न तसाच राहतो. ०.८ मिमी तारेने स्वच्छ स्प्रे (वितळलेल्या तारेचे बारीक थेंब सलग पडणं) मिळायला सुमारे ९० अँपिअर लागतात आणि दीड मिमीची भिंत जेमतेम ६० सोसते. करंट उतरवला तर बीड, म्हणजे वेल्डची रेघ, वर बसते, आत धरत नाही; चढवला तर भोक. साध्या मिगवर ही जागा फार अरुंद आहे. यासाठी पल्स मिग (करंट ठोक्याठोक्याने देणारं) किंवा एसी टिग (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाचं, तार वेगळी द्यायची) लागतं. नवशिक्याला त्या अरुंद जागेत सोडून ‘हात नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

सरावाला ३ मिमीची पट्टी द्या, मग २, शेवटी पाईप. शुद्ध आरगॉन वायू, मिनिटाला १२ ते १५ लिटर. आधी ॲसिटोनने पुसायचं, नंतर स्टेनलेस ब्रश. तो ब्रश लोखंडाला लावायचा नाही. वरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्या वर वितळतो, तो राहिला तर खालचं पाणी होतं आणि वर कातडी तशीच राहते. गन ओढायची नाही, ढकलायची. पाईपचं तोंड फटीशिवाय बसलं पाहिजे. फट राहिली तर कुणाचाच हात चालणार नाही. चार टाके मारून समोरासमोरचे पाव-पाव भाग घ्यायचे, मध्ये गार होऊ द्यायचं. शेवटचा खड्डा न भरता गन उचलली तर तिथेच तडा जातो. रेलिंगला पुढे ॲनोडायझिंग (विजेने ऑक्साइडचा थर चढवणं) होणार असेल तर ५३५६ क्रमांकाची तार घ्या, ४०४३ क्रमांकाच्या तारेची शिवण काळपट दिसते.

पदविकेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो; ती वाट पुढच्या वर्षीही आहे. पण ज्याचं लोखंडावरचं काम स्वच्छ आहे, त्याला १४ पाईपांपायी या कामातून उठवू नका. माझं मत विचाराल तर त्याला वर्षभर तुमच्या वर्कशॉपबाहेर काढा. जिथे ॲल्युमिनियमवर एसी टिग रोज चालतं, अशा कारखान्यात शिकाऊ उमेदवारी बघा. पुणे मेट्रोचे डबेसुद्धा ॲल्युमिनियमचे आहेत. हे काम ग्रिलपुरतं नाही. पुढे आयएसओ ९६०६-२ ची (ॲल्युमिनियमसाठीची आंतरराष्ट्रीय) वेल्डर चाचणी देता येईल, मात्र मिगची चाचणी टिगला चालत नाही, म्हणून कशावर द्यायची हे आधीच ठरवून घ्या.

हातातली पातळ पाईपची ऑर्डर तोवर टिगवाल्याकडून करून घ्या. आणि आज संध्याकाळी त्याला एवढंच विचारा, की गन हातात असताना नेमकं कुठे अडतं. उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका.