‘दुर्बल भिंग’ की ‘क्षीण भिंगपरिणाम’?

प्रश्न असा आहे : दीर्घिकांच्या समूहातलं कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वातून जाणवणारं द्रव्य) ‘दुर्बल गुरुत्वीय भिंगा’ने शोधतात, असं एका मराठी लेखात वाचलं, पण शेकडो दीर्घिकांच्या समूहाचं गुरुत्व दुर्बल कसं?

ते दुर्बल नसतंच. समूहाचं गुरुत्व मागून येणारा प्रकाश भिंगासारखं वाकवतं, म्हणून त्याला गुरुत्वीय भिंग म्हणतात. घोळ विशेषणाने घातला आहे. इंग्रजीत ‘वीक लेन्सिंग’ म्हणतात; त्यातलं ‘लेन्सिंग’ ही क्रिया, आपलं ‘भिंग’ ही वस्तू. क्रियेचं विशेषण मराठीत येताना वस्तूला चिकटलं आणि अर्थच पालटला.

कन्या राशीच्या दिशेला असलेला एबेल १६८९ हा समूह घ्या. त्याच्या गाभ्याजवळून येणारा प्रकाश इतका वाकतो की पाठीमागच्या दीर्घिका ताणून लांबट कमानींसारख्या दिसतात. हबल अवकाश दुर्बिणीने काढलेल्या छायाचित्रात त्या नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतात. गाभ्यापासून दूर सरकलं की मात्र मागच्या दीर्घिकेचा आकार जेमतेम काही टक्के बदलतो. भिंग तेच, क्षीण आहे तो त्या जागचा परिणाम.

एवढ्याशा ताणावरून नकाशा कसा निघतो, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. दीर्घिका बहुधा मुळातच लंबगोल दिसतात, त्यामुळे एकटीकडे बघून काहीच कळत नाही. पण त्यांचे कल वाटेल त्या दिशेला असतात, म्हणून सरासरीत ते एकमेकांना खोडतात. शंभर दीर्घिका घेतल्या तर ही गडबड साधारण दहापट घटते. मग उरतो तो भिंगाने आणलेला ताण, समूहाभोवती फेर धरल्यासारखा. अर्थात हवा आणि दुर्बीणही आकार बिघडवतात; तो बिघाड आधी ताऱ्यांच्या प्रतिमांवरून मोजून वजा करावा लागतो. टायसन, वाल्डेस आणि वेंक या खगोलशास्त्रज्ञांनी १९९० साली असा ताण मोजला, तो एबेल १६८९ भोवतीच. १९९३ मध्ये कायझर आणि स्क्वायर्स यांनी त्यावरून वस्तुमानाचा नकाशा काढण्याची गणिती रीत दिली.

‘बुलेट समूह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागी दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांतून आरपार गेले आहेत. त्यांतल्या साध्या द्रव्याचा मोठा वाटा तप्त वायूचा, आणि तो टकरीत मागे रेंगाळलेला चंद्रा या अवकाशातल्या वेधशाळेला क्ष-किरणांत दिसला. क्षीण भिंगपरिणामावरून २००६ साली मांडलेल्या नकाशात वस्तुमानाची शिखरं मात्र वायूपाशी नव्हे, पुढे निघून गेलेल्या दीर्घिकांपाशी निघाली. कृष्णद्रव्याचा इतका भक्कम पुरावा ज्या पद्धतीने मिळाला, तिच्या नावात ‘दुर्बल’ नको वाटतं.

म्हणून ‘क्षीण भिंगपरिणाम’ म्हणावं. ‘हा समूह दुर्बल भिंग आहे’ हे वाक्य चूक. ‘समूहाच्या बाहेरच्या भागात भिंगपरिणाम क्षीण आहे’ हे बरोबर. दीर्घिकांचा आकार असा ताणला जाण्याला इंग्रजीत ‘शिअर’ म्हणतात; त्यासाठी मी वर सोयीने ‘ताण’ लिहिलं, पण यंत्रशास्त्रात त्याला वेगळा अर्थ आहे. काटेकोर लेखनात ‘कर्तन’ वापरावं.