कॉलेजात ओळखीचं कोणीच नाही, एखाद्या मंडळात गेल्याने फरक पडतो का?

पडतो, चांगलाच पडतो. तू लिहिलंयस की शिरपूरकडच्या गावातून जळगावला बी.एस्सी.ला आलास, रूम करून राहतोस, दोन महिने झाले तरी डबा एकटाच खातोस, तोंड उघडलं की बोलीला हसतात. आणि गाणं, नाच, खेळ यातलं काहीच येत नाही, मग कोणत्या तोंडाने कुठे नाव द्यायचं? मी वयाने बराच मोठा आहे, तेव्हा अरे-तुरे करतो.

आधी आपल्याकडच्या कॉलेजांचं गणित बघ. वर्गातली कितीतरी पोरं अप-डाऊन करणारी. एरंडोल, धरणगाव, पाचोरा, भुसावळ, कोणी एसटीच्या पासवर, कोणी रेल्वेने. प्रॅक्टिकल संपत आलं की डोळे घड्याळाकडे. त्यांचे ग्रुप बसच्या मागच्या सीटवर जमतात, शहरातल्या पोरांचे अकरावी-बारावीच्या क्लासमध्येच जमून गेलेले असतात. तुला मुद्दाम कोणी टाळत नाहीये, तू या दोन्हींत नव्हतास एवढंच.

म्हणून माझं मत राष्ट्रीय सेवा योजनेला, म्हणजे एन.एस.एस.ला. मीही तिथूनच माणसांत आलो. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. भरती होताना तुला काय येतं हे कोणी विचारत नाही. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, एवढाच हिशोब. खरं सांगायचं तर त्या तासांतला बराचसा भाग रॅली, झाडं लावणं आणि फोटो यांत जातो. तिथे मैत्री होईल अशी आशा धरू नकोस. काही जण फक्त श्रेयांकासाठी आलेले असतात, त्यांचंही मनाला लावून घेऊ नकोस.

शिबिराची गोष्ट निराळी. तिथे अप-डाऊनवाल्यांनाही बस पकडायची नसते. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान. नाल्यावर वनराई बंधारा घालायचा तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि रांग लावून हातोहात पुढे द्यायच्या. त्या रांगेत शेजारी कोण उभं आहे ते तू निवडत नाहीस, हेच बरं असतं. दुपारचं बौद्धिक ऐकताना अर्धं शिबिर पेंगतं. रात्री सगळे गाण्यांना जागे.

पण शिबिराचा जीव स्वयंपाकात. हिवाळा असतो, त्यामुळे भरीत ठरलेलंच. आमच्या वेळी वर्गात कधी तोंड न उघडणारा यावलकडचा एक मुलगा होता. कपाशीच्या काड्यांचा जाळ कसा धरायचा, वांगं कुठवर भाजलं की साल सुटतं, हे सगळ्या शिबिरात त्यालाच ठाऊक होतं. शहरातली पोरं बोटं भाजून घेत होती आणि हा गप्प बसून टोपलीभर वांगी सोलून मोकळा. दुसऱ्या दिवसापासून सरसुद्धा जेवणाची वेळ त्याला विचारून ठरवायला लागले. परत आल्यावर कॅन्टीनच्या पार दुसऱ्या टोकाहून त्याला हाका यायच्या. माझ्याकडे कोठी होती. साखर, तेल, काडेपेटी, जे हवं ते माझ्याकडेच मागायला लागायचं, त्यामुळे सगळ्यांची नावं आपोआप पाठ झाली.

तेव्हा असं काम मागून घे, ज्यासाठी लोकांना तुला शोधत यावं लागेल. नुसतं ग्रुपमध्ये नाव असून भागत नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये तर अजिबात नाही.

हेच डोकं विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवालाही वापर. स्टेजवर जायची गरज नाही. प्रॉपर्टी सांभाळणारा, ढोलकी उचलणारा, एंट्रीची वेळ लक्षात ठेवणारा माणूस प्रत्येक टीमला कमीच पडतो. आणि तुझी अहिराणी तिथे उपयोगी पडेल. जळगावात रावेर-यावलची लेवा बोली, तुमच्याकडची अहिराणी आणि पुस्तकी मराठी अशी खिचडी आहे. लोकगीत किंवा प्रहसन बसवताना शहरातली पोरं वाक्याच्या शेवटी ‘भो’ लावतात आणि झाली अहिराणी असं समजतात. घरात आजी, काकू कानबाईची गाणी म्हणत असतील तर फोनवर रेकॉर्ड करून आण. हसणारेच चाल विचारायला येतील.

एन.सी.सी.ही चांगली, पण तिची भरती बहुधा वर्षाच्या सुरुवातीलाच उरकते आणि परेडची आवड लागते. एकांकिकेच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. तू रूमवर राहतोस, तुला जमेल, फक्त परीक्षेच्या तारखा आधी बघ. आणि ज्या मंडळात पहिल्याच दिवशी वर्गणी मागतात आणि कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचं बॅनर धरायला लावतात, तिथून चहा पिऊन निघ.

उद्याच एन.एस.एस.च्या कार्यक्रम अधिकारी सरांना भेट. नोंदणी झाली असली तरी गळालेल्यांच्या जागा असतात. ‘सर, शिबिरात कोठी मी सांभाळतो’ एवढं म्हण, ते काम सहसा कोणी मागत नाही. सुरुवातीच्या रविवारी कंटाळा येईल, पण शिबिर होईपर्यंत सोडू नकोस. भरिताच्या मिरच्या ठेचायचं काम मात्र दुसऱ्याला दे, हात रात्रभर जळतात.