बंब: आग विझवणारा आणि पाणी तापवणारा

प्रश्न असा आहे: न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाच्या पोटात विस्तव असतो आणि आगीचा बंब विस्तव विझवायला धावतो. मग दोघांना एकच नाव कसं? शब्द संस्कृत 'अंबु'वरून आला का? आणि गीझरला बंब म्हणावं का?

'अंबु' म्हणजे पाणी, त्यामुळे ती व्युत्पत्ती पटकन पटते. पण खरं मूळ पोर्तुगीज आहे. 'बोंबा' म्हणजे पाणी उपसणारा किंवा जोरानं फेकणारा पंप. पोर्तुगीजमध्ये अग्निशामक दलाच्या जवानाला आजही 'बोंबेइरो', म्हणजे पंपवाला, म्हणतात. म्हणजे मूळ अर्थाच्या जवळचा आहे तो आगीचा बंब. न्हाणीघरातला बंब त्या अर्थापासून बराच लांब गेलेला आहे, कारण तो पाणी उपसतही नाही आणि फेकतही नाही.

हा लांबचा अर्थ पोर्तुगीजांनी दिलेला नाही. पोर्तुगालमध्ये गॅसवर पाणी तापवणाऱ्या यंत्राला 'इश्केंतादोर' म्हणतात, म्हणजे सरळ 'तापवणारा'. बोंबाचा तापण्याशी संबंध आला तो आपल्याकडे. कसा आला असेल, याचा धागा शेजारच्या भाषांत सापडतो. हिंदीत 'बंबा' म्हणजे पंप, पण पाण्याचा नळही, आणि उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात तर शेतीला पाणी देणारा लहान कालवासुद्धा. पंपापासून नळ, नळापासून पाणी वाहून नेणारी कुठलीही सोय, असा अर्थ पसरत गेलेला दिसतो. आपल्या बंबाकडे त्या नजरेनं बघा. उभा गोल तांब्याचा देह, बाजूला तोटी, आणि मधोमध वर जाणारी नळी. तिच्यात वरून बंबफोड, गोवऱ्या किंवा नारळाच्या करवंट्या टाकायच्या, खाली जाळीवर विस्तव, जाळीखाली राख. नळी चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेली, म्हणून थोड्या सरपणात पुष्कळ पाणी तापतं. नाव पडलं ते या नळीतोटीच्या भांड्याला, त्यातल्या उष्णतेला नव्हे, असं माझं मत आहे.

'बंबफोड' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. बंबाच्या नळीत मावतील अशी बारीक फोडलेली लाकडं म्हणजे बंबफोड, आणि वखारीत ती याच नावानं मागितली जात. परक्या शब्दाला अस्सल मराठी क्रियापद जोडून नवा समास घडतो, तेव्हा तो शब्द परका उरत नाही. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्याचे बंब घडवणाऱ्यांना कुणी 'पोर्तुगीज वस्तू बनवता' म्हणालं असतं तर त्यांना ते कळलंही नसतं. शिवाय न्हाणीत बंब एकटा पाहुणा नाही: बादली ही 'बाल्दे', घमेलं हे 'गामेला', पिंप हे 'पीपा'. गोव्यात 1510 पासून आणि वसईत 1534 ते 1739 पोर्तुगीज होते. एवढ्या काळात भांडीकुंडी भाषेत शिरली नसती तरच नवल.

आता गीझर. त्याचं मूळही विस्तवात नाही. आइसलंडमधल्या हाउकादालुर खोऱ्यात 'गेयसिर' नावाचा उकळत्या पाण्याचा झरा आहे. 'गेयसा' म्हणजे उसळणे, त्यावरून ते नाव. इंग्रजीनं ते अशा सगळ्याच झऱ्यांसाठी घेतलं, आणि 1868 मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉनने गॅसवर पाणी तापवणारं घरगुती यंत्र काढलं तेव्हा त्याला 'गीझर' म्हटलं. धूर बाहेर न्यायला त्यात नळीच नव्हती. त्या बाबतीत आपला बंब शहाणा. अमेरिकेत हा शब्द झऱ्यापुरताच राहिला. घरातल्या यंत्राला गीझर म्हणण्याची रीत आपण ब्रिटिशांकडून घेतली.

विस्तव किंवा वाफ ज्यांच्या नावात आहे अशी साधनंही आहेत. हिंदीतली 'अंगीठी', म्हणजे शेगडी, ही 'अग्निष्ठिका'. काश्मीरकडची 'बुखारी', म्हणजे खोली उबदार ठेवणारी शेगडी, पुष्कळजण बुखारा शहराशी जोडतात, पण ती अरबी 'बुखार', म्हणजे वाफ, या शब्दातून फारसीत घडली. तापाला हिंदीत बुखार म्हणतात तो हाच शब्द. बंब आणि गीझर मात्र दोन्ही पाण्याच्या हालचालीवरून आलेले: एक फेकणारा, एक उसळणारा.

म्हणून गीझरला बंब म्हणायला माझी काहीच हरकत नाही. 'जलतापक' अर्थानं अचूक आहे, पण घरात कुणी 'जलतापक लाव' म्हणत नाही. 'गॅसचा बंब' आणि 'विजेचा बंब' कानाला खटकत नाहीत. छपरावरच्या यंत्रासाठी 'सौर बंब' तर बातम्यांत आणि जाहिरातींत रुळलेलाच आहे. अनेकवचनही बंबच, आणि लिहिताना 'बंबात', 'बंबाला' अशी साधी रूपं.