टोडस्टूलची टोपी मे महिन्यात कापू नका

प्रश्न : ताई, राम राम. माझ्या दोनशे लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत टोडस्टूल लेदर कोरल आहे. त्याची टोपी एवढी पसरलीय की खालच्या मशरूम कोरलवर दिवसभर सावली असते. टोपी कापून एक तुकडा भुसावळच्या साडूंना द्यावा म्हणतो. कोरल मरेल का? आता सुट्ट्या आहेत, मे महिन्यातच उरकून टाकू का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, कोरल मरणार नाही. पण मे महिन्यात ब्लेडला हात लावू नका, ही हात जोडून विनंती.

आधी भीती काढू. टोडस्टूल म्हणजे सार्कोफायटॉन, छत्रीसारखी टोपी असलेलं मऊ कोरल. त्याला दगडी कोरलसारखा सांगाडा नसतो. मांसल अंगात चुन्याचे बारीक काटे विखुरलेले असतात, एवढंच. टोपीवरचे पॉलिप, म्हणजे फुलासारखे उमलणारे इवलेसे जीव, प्रत्येकाला आठ स्पर्शक, एकाच देहात जोडलेले असतात, म्हणून तुकड्यात नवं कोरल होण्यापुरतं सगळं असतं. तुम्हा जळगावकरांना हे समजावायला नको: केळीचा मुनवा आईचीच जात घेऊन येतो, तसाच हा तुकडा. उरलेल्या बुंध्यालाही महिन्या-दोन महिन्यांत नवी टोपी येऊ लागते.

आता मे महिन्याचं. बाहेर पारा ४४-४५ ला असतो आणि टाकीला हवे असतात २५-२६ अंश. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि जखमेतून सुटलेला चिकट स्राव लवकर कुजतो. त्यात दुपारी वीज गेली तर पंप बंद. धडधाकट कोरल हे सोसून जातं, ताजी जखम असलेलं सोसेलच असं नाही. आपल्या कोरड्या उन्हाळ्याचा एक फायदा मात्र घ्या. कूलर ज्या कारणानं खान्देशात गारवा देतो आणि मुंबईच्या दमट हवेत देत नाही, त्याच कारणानं पाण्यावर तिरका लावलेला छोटा पंखा इथं टाकी दोन-तीन अंशांनी उतरवतो. पण पाणी उडतं, मीठ मागे राहतं. तेव्हा रोजची भर आरओच्या गोड्या पाण्यानेच घाला. बोअरचं पाणी नको. घनता १.०२५ च्या आसपास राहू द्या.

कापायचं दिवाळीनंतर. तोवर ऑक्टोबरची तलखी गेलेली असते, फक्त रात्रीच्या थंडीसाठी हीटर तपासून ठेवा.

त्या दिवशी टाकीच्याच पाण्याची दोन भांडी भरून घ्या. हातमोजे घाला. कोरल दगडासकट बाहेर काढा, ते आक्रसून घट्ट होऊ द्या, मग नव्या ब्लेडने टोपीच्या खाली बोटभर अंतरावर बुंधा एका दमात आडवा कापा. कात्रीने चिरडत कापू नका, जखम फाटते. टोपीचे तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे करा, दुसऱ्या भांड्यात हलकेच खळबळा आणि ते पाणी फेकून द्या. टाकीत परत ओतू नका. लेदर कोरल शेजाऱ्यांना दूर ठेवायला रसायनं सोडतं. सार्कोफाइन हे त्यातलं एक, १९७४ मध्ये तांबड्या समुद्रातल्या सार्कोफायटॉनमधून वेगळं केलेलं, माशांना विषारी. म्हणून कापण्याआधीच ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावून ठेवा, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी थोडं पाणी बदला.

सगळ्यांचं अडतं ते चिकटवण्यात. सुपरग्लू दगडाला धरतो, बुळबुळीत कोरलला धरत नाही, आणि सकाळी तुकडा पंपाच्या जाळीत सापडतो. तुकड्यातून लाकडी टूथपिक आरपार घाला आणि ती रबरबँडने लाइव्ह रॉकच्या (टाकीतल्या जिवाणू वसलेल्या दगडाच्या) खड्याला बांधा. रबर तुकड्यावरून ओढू नका, मांस कापलं जातं. ते नको असेल तर प्लॅस्टिकच्या डबीत खडे पसरून वर तुकडे ठेवा आणि मच्छरदाणीचं कापड सैल बांधा. दोन-तीन आठवड्यांत ते स्वतःच धरतात. या काळात तुकडे मिटलेले, मलूल दिसतील, अंगावर मेणासारखी साय येऊन गळेल. ती सोलू नका. मध्यम प्रवाह असला की आपोआप जाते. तुकडा काळा पडून घाण वास आला तरच काढून टाका.

साडूंना तुकडा तो दगडाला धरल्यावर आणि पॉलिप बाहेर आल्यावरच द्या, आधी नाही. भुसावळ जवळ आहे. पिशवीत निम्मं पाणी, निम्मी हवा, वरून थर्माकोलचा डबा, पुरे.

प्रश्न : मालवणला स्नॉर्कलिंग करताना सुंदर कोरल दिसले. पुढच्या वेळी एखादा छोटा तुकडा आणला तर चालेल का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही, आणि या उत्तरात मी तसूभरही सैल होणार नाही. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून दगडी कोरल, काळे कोरल आणि सी फॅन (पंख्यासारखे कोरल) येतात, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. समुद्रातला तुकडा तिथली जागा रिकामी करून येतो. दुसऱ्याच्या टाकीत वाढलेल्या सॉफ्ट कोरलचा फ्रॅग, म्हणजे कापून घेतलेला तुकडा, मागा. बंद टाकीची सवय असल्याने तो जगण्याची शक्यताही जास्त.

प्रश्न : ताई, झोअँथस दगडभर पसरलेत. दगड उकळून साफ करू का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : बेटा, अजिबात नको. उकळू नकोस, गरम पाण्याखाली धरू नकोस, ब्रशने घासू नकोस. झोअँथस, म्हणजे चटईसारखे पसरणारे हे पॉलिप, आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं. हवाईतल्या पॅलिथोआतून १९७१ मध्ये शोधलेलं हे विष अत्यंत जहाल आहे, आणि दगड उकळल्यावर वाफेतून अख्खं घर आजारी पडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. कमी करायचेच असतील तर हातमोजे आणि चष्मा घाल, दगड पाण्याने ओला ठेव, आणि पॉलिप न चिरता दोन पॉलिपांमधली चटई काप. चिरलेला पॉलिप पिचकारी मारतो, थेट डोळ्यात. हाताला जखम असेल तर हे काम त्या दिवशी नाही. लहान भावंडांना खोलीबाहेर ठेव. नंतर तोंडाला कडवट धातूसारखी चव आली, ताप किंवा धाप लागली तर लगेच दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हे नाव सांग.

प्रश्न : झेनिया कापली की गळून जाते. काय करू?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : झेनिया हे पॉलिपांची उघडझाप करणारं मऊ कोरल, ते कापूच नका. तिच्या बुंध्याला टेकवून एक रिकामा खडा ठेवा, ती स्वतः त्यावर सरकते. खड्यावर पुरेशी पसरली की मधला दुवा ब्लेडने तोडा. तिच्या कुळातल्या हेटरोझेनियाच्या उघडझापीने साचलेला प्राणवायू दूर होऊन प्रकाशसंश्लेषण कितीतरी वाढतं, हे २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. तेव्हा नवा खडा अंधाऱ्या कोपऱ्यात नको, उजेडात ठेवा. आणि तो मुख्य दगडांपासून वाळूच्या पट्ट्याने वेगळा ठेवा, नाहीतर वर्षभरात टाकीत झेनियाच झेनिया होईल.