वाऱ्याचा हिशेब हजार वेळा का मांडतात?

प्रश्न : आम्ही मुंबईत ३६व्या मजल्यावर राहतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, त्या दिवशी न्हाणीघरातल्या बादलीतले पाणी हेलकावे खात होते. सोसायटीच्या सभेत सल्लागार अभियंत्यांनी सांगितले, की वाऱ्याचा परिणाम संगणकावर हजारो वेळा तपासलेला आहे. वारा किती येणार हेच माहीत नसेल, तर हजार वेळा तपासून काय साधते?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : बादलीतले पाणी हलले म्हणून घाबरू नये. उंच इमारत वाऱ्यात डोलतेच. तिचा एक झोका ५ सेकंदांचा असेल, तर दोन्ही बाजूंना जेमतेम ३ सेंटीमीटर हलली तरी माणसाला ते जाणवू लागते.

आता मूळ शंका. इमारतींवर येणाऱ्या भारांविषयीच्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरला आहे. मोकळ्या जागी १० मीटर उंचीवरच्या ३ सेकंदांच्या झोताचा हा वेग सरासरीने ५० वर्षांतून एकदा ओलांडला जातो. याचा अर्थ ५० वर्षे निर्धास्त राहावे असा नाही; दरवर्षी २ टक्के शक्यता धरली, तर ५० वर्षांत तो एकदा तरी ओलांडला जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. शिवाय दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेगाच्या अंदाजात १० टक्के चूक झाली, की भारात २१ टक्के फरक पडतो.

मात्र माझ्या मते अधिक काळजीपूर्वक पाहावी अशी अनिश्चितता इमारतीच्या आतच असते. २० मीटर रुंदीची चौकोनी इमारत घ्या. तिच्या कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि तिला वाऱ्याच्या आडव्या दिशेने ढकलतात. झोका ५ सेकंदांचा असेल, तर हे ढकलणे आणि इमारतीचे डोलणे यांची लय साधारण ताशी १२० किलोमीटर वाऱ्याला जुळते. विटांच्या भिंतींमुळे इमारत गणितापेक्षा ताठ निघाली आणि झोका ४ सेकंदांचा झाला, तर तोच वेग ताशी १५० किलोमीटरपर्यंत जातो. डोलणे विझवण्याची इमारतीची क्षमता, जिला आम्ही अवमंदन म्हणतो, २ टक्के धरली आणि प्रत्यक्षात १ टक्काच असली, तर या लयबद्ध डोलण्याचा भाग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. बांधून होईपर्यंत हा आकडा कोणालाही मोजता येत नाही.

म्हणून संगणकावर प्रत्येक वेळी वेग, दिशा, ताठरपणा आणि अवमंदन यांची किंमत त्यांच्या संभाव्य मर्यादेतून चिठ्ठी काढावी तशी उचलतात, शेकडो लहानमोठ्या लहरी यदृच्छेने एकमेकींत मिसळून दहा मिनिटांचा झोतांचा वारा तयार करतात, आणि इमारत किती हलली ते नोंदतात. हाती एक आकडा न येता उत्तरांचा पसरट ढीग येतो. इमारत किती हलण्याची शक्यता किती, हे त्यातूनच कळते. हजारात एकदा घडणारी गोष्ट हजार फेऱ्यांत सरासरीने एकदाच दिसणार असल्याने तिच्याविषयी भरवशाने बोलायला लाखभर फेऱ्या लागतात; आपल्या इमारतीसाठी किती फेऱ्या केल्या, हे सल्लागारांना जरूर विचारावे.

मुळात धरलेली मर्यादाच चुकीची असेल, तर लाख फेऱ्याही तीच चूक लाख वेळा गिरवतात. शेजारी नवा टॉवर उभा राहिला, की भोवऱ्यांचे स्वरूपच बदलते. त्यासाठी इमारतीची छोटी प्रतिकृती वातबोगद्यात, म्हणजे कृत्रिम वारा सोडलेल्या बोगद्यात, ठेवून पाहण्याला अजून तोड नाही. सल्लागारांनी अवमंदन किती धरले होते ते विचारा, आणि गच्चीवर काही महिने त्वरणमापक, म्हणजे इमारतीची हालचाल टिपणारे उपकरण, बसवून घेण्याचा आग्रह धरा. साध्या पावसाळी वाऱ्यातही तो इमारतीचा खरा झोका नोंदवतो, अवमंदनाचा अंदाजही देतो, आणि ते आकडे घालून हिशेब पुन्हा मांडता येतो.